रिकामा रकाना

दसरा होऊन दहा दिवस लोटले होते. भगवानगडावरची गर्दी पांगली होती, मुकादमाकडून घेतलेली उचल बहुतेकांच्या घरी खर्चूनही झाली होती, आणि अंबाजोगाईच्या बाहेरच्या रस्त्याने दिवस मावळल्यापासून ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या एकामागून एक निघाल्या होत्या. त्यांवर पत्र्याच्या पेट्या, गोणपाटात बांधलेली भांडी, एखादी शेळी, आणि या साऱ्या चालत्या संसाराच्या मधोमध मांडीवर लेकरू घेऊन बसलेल्या बाया. वर्षातले पाच-सहा महिने सांगली, कोल्हापूर आणि कर्नाटकातल्या उसाच्या फडात काढावयाचे, नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणावयाचे आणि पाडव्याच्या आगेमागे परत यावयाचे, हा बीड जिल्ह्याचा वार्षिक रिवाज आता इतका जुना झाला आहे की त्याकडे पाहून कोणाच्या मनात काही येत नाही. त्या संध्याकाळी माझ्याही मनात काही आले नव्हते. ते पुढे दोन तासांनी आले, आणि ते ज्यामुळे आले तो संवाद येथे शक्य तितक्या प्रामाणिकपणे उतरवून ठेवीत आहे.

माझे स्नेही वकीलसाहेब यांच्या वाड्याच्या ढाळजेत आम्ही बसलो होतो. त्यांचे वडील निजामी अमदानीत, अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणत आणि अदालतीचा सारा कारभार उर्दूत चाले त्या काळी, येथील मुन्सिफाच्या कचेरीत वकिली करीत. त्यांचे लाल रुमालात बांधलेले दस्तऐवज अजून आतल्या फडताळात आहेत, आणि वकीलसाहेबांची कागदावरची निष्ठा मला नेहमीच वडिलार्जित वाटत आली आहे. स्वतः त्यांनी अनेक वर्षे सरकारी वकील म्हणून काम केले. त्यांची भाची क्ष-किरणशास्त्राची पदवीधर. जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावी तिचे सोनोग्राफीचे केंद्र आहे. ती त्या दिवशी मामाला भेटावयास आली ती बगलेत छापील कागदांचा एक जाडजूड गठ्ठा घेऊनच.

“अगं, मला वाटलं दिवाळीचा फराळ आणलास,” वकीलसाहेब म्हणाले, “तू तर दफ्तर घेऊन आलीस.”

“पाच तारखेच्या आत मागच्या महिन्याचा अहवाल गेला नाही मामा, तर पुढच्या दिवाळीचा फराळ तुम्हाला तुरुंगात पाठवावा लागेल.”

ती हसत म्हणाली, पण हसण्याला धार होती. तो गठ्ठा म्हणजे एफ फॉर्म. गर्भवती स्त्रीची सोनोग्राफी केली की प्रत्येक वेळी हा फॉर्म भरावा लागतो. स्त्रीचे नाव, वय, तिला आधीची मुले किती, त्यांत मुलगे किती नि मुली किती, त्यांची वये, पूर्ण पत्ता, कोणत्या डॉक्टरने पाठविले, गर्भ किती आठवड्यांचा, तपासणी कशासाठी, तपासणीत काय आढळले. आणि शेवटी दोन प्रतिज्ञा. एक स्त्रीची, की मला गर्भाचे लिंग जाणून घ्यावयाचे नाही. दुसरी डॉक्टरची, की मी ते पाहिले नाही आणि कोणास सांगितले नाही. हे कागद दोन वर्षे जपून ठेवावयाचे, मागता क्षणी दाखवावयाचे, आणि त्यांत काही उणे अथवा चुकीचे आढळले तर ते लिंगनिदानाच्या अपराधासारखेच मानावयाचे. तसे नव्हते हे शाबीत करण्याची जबाबदारी डॉक्टरवर.

“हे शेवटचं वाक्य मला पटवून द्या,” भाची म्हणाली. “चोरीच्या खटल्यातही आरोपीला निर्दोष मानून सुरुवात होते. माझ्या बाबतीत मात्र एक रकाना रिकामा राहिला की मी भ्रूणहत्येची साथीदार ठरते. माझं मशीन चार महिने सील होतं, हे तुम्ही विसरला असाल, मी विसरले नाही. अकरा फॉर्मांत पाठवणाऱ्या डॉक्टरचं नाव नव्हतं. कारण त्या बाया कोणी पाठवल्याच नव्हत्या, पोटात दुखतं म्हणून आपणहून आल्या होत्या, आणि तिथे ‘स्वतः’ असं लिहायचं राहिलं. पथक आलं, पंचनामा झाला, मुद्देमाल म्हणून मशीन जप्त झालं. खटल्यातून सुटले, पण तीन वर्षांनी. त्या चार महिन्यांत आमच्या गावच्या बाया एस.टी.नं चाळीस किलोमीटर जाऊन सोनोग्राफी करीत होत्या, आणि ज्यांच्याकडे भाड्याला पैसे नव्हते त्या करीतच नव्हत्या. वार खाली असल्याचं एकीला बाळंतपणाच्या वेळीच कळलं. ती वाचली, म्हणून कुठल्या कागदावर तिची नोंद नाही.”

वकीलसाहेब काही वेळ बोलले नाहीत. सुपारी कातरून त्यांनी ती तशीच अडकित्त्याशेजारी ठेवली.

“तुझ्यावर अन्याय झाला,” ते म्हणाले, “आणि तो झाला नाही असं मी म्हणणार नाही. पण तू मला कायद्याचा प्रश्न विचारलास, तर कायद्याचंच उत्तर देतो. चोरीची फिर्याद ज्याचं गेलं तो देतो. मारामारीत ज्याला लागलं तो येतो. खून झाला तर निदान प्रेत असतं. या गुन्ह्यात फिर्यादी कोण? डॉक्टरला पैसे मिळाले, तो राजी. नवऱ्याला, सासूला हवं ते कळलं, ते राजी. बाईचं मन कोणी विचारलेलं नसतं. पण चौथी मुलगी झाली तर आपली काय गत होईल ते तिला ठाऊक असतं, म्हणून तीही बोलत नाही. जिचं नुकसान झालं ती जन्मालाच आलेली नाही. बंद खोलीत चार माणसं आहेत आणि चौघांचं हित गप्प राहण्यात आहे. तिथे सरकारनं साक्षीदार आणायचा कुठून? म्हणून त्यानं कागदाला साक्षीला उभं केलं. तुझा तो फॉर्म हा त्या खोलीतला पाचवा माणूस आहे, आणि तो अर्धवट बोलला तर न्यायालयाला संशय येणारच.”

येथे वाचकांसाठी थोडी कायद्याची हकिगत सांगितली पाहिजे, कारण ती महाराष्ट्राच्या अभिमानाची आहे आणि लाजेचीही. सोनोग्राफीच्या यंत्राचा वंश ग्लासगोच्या कारखान्यांत सापडतो. तेथे धातूतल्या भेगा शोधणाऱ्या ध्वनियंत्राचा उपयोग पोटातल्या गाठी ओळखण्यास होईल काय, हे इयन डोनाल्ड या प्रसूतितज्ज्ञाने पडताळून पाहिले, आणि १९५८ साली त्याचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. भेग शोधावयास निघालेल्या यंत्राने आमच्याकडे येऊन घरातलीच भेग दाखविली असे कोणास म्हणावेसे वाटेल; मला एवढेच म्हणावयाचे आहे की यंत्र निष्पाप होते. ते आपल्याकडे सर्रास होण्याआधीच गर्भजल-परीक्षा आली होती, आणि मुंबईत तिच्या उघड जाहिराती लागत. त्याविरुद्ध मुंबईतल्या स्त्रियांनी आणि डॉक्टरांनी जी चळवळ केली तिच्यामुळे १९८८ साली महाराष्ट्राने लिंगनिदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तो अमलात आला १९९६ च्या पहिल्या दिवशी. तो कागदावरच राहिला म्हणून ‘सेहत’, ‘मासूम’ या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांना २००० साली सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले, आणि २००३ मध्ये कायद्याला नवे, कडक रूप मिळून गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्यात आली. पहिला कायदा ज्या राज्याने केला त्याच राज्यातल्या बीड जिल्ह्यात २००१ साली सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. दहा वर्षांनी, कायदा कडक झाल्यानंतरच्या शिरगणतीत, त्या ८०७ झाल्या. साऱ्या महाराष्ट्रात इतका खाली कोणताही जिल्हा गेला नव्हता.

“हाच आकडा मी तुमच्यापुढे ठेवते मामा,” भाची म्हणाली. “फॉर्म त्या दहा वर्षांतही होते. परळीच्या त्या दवाखान्यातही होते. वर्षा देशपांडे यांच्या लेक लाडकी अभियानानं २०१० साली तिथला लिंगनिदानाचा प्रकार उघडकीला आणला होता, तरी दवाखाना चालू राहिला, आणि मे २०१२ मध्ये चार मुलींची आई तिथल्या टेबलावर गेली. तेव्हा कुठे राज्य जागं झालं. लबाड माणसाचा फॉर्म कधी अपुरा नसतो. एकही रकाना रिकामा नाही, अक्षर सुवाच्य, सही जागच्या जागी! चुका होतात त्या दिवसभर बाया तपासून थकलेल्या माझ्यासारखीच्या हातून. तुमचं जाळं असं विणलंय की मासा सुटतो आणि पाणी अडकतं.”

“परळीच्या खटल्याचा निकाल काय लागला ते सांग.”

“दहा वर्षं. २०१९ मध्ये. डॉक्टर नवरा-बायकोला.”

“आणि मयत बाईच्या नवऱ्याला. त्याला का विसरतेस? कायद्याचं कलम चोवीस असं सांगतं, की बाईनं तपासणी करून घेतली असेल तर तिला नवऱ्यानं किंवा नातेवाइकांनी भाग पाडलं असं न्यायालयानं गृहीत धरावं. म्हणजे या कायद्यानं गृहीतकं फक्त तुमच्याविरुद्ध केलेली नाहीत. एक गृहीतक त्यानं बाईच्या बाजूनंही केलंय, आणि माझ्या माहितीतल्या कायद्यांत बाईची बाजू इतक्या सरळपणे घेणारं कलम फार थोडं. पण तुझ्या मुद्द्याला येतो. त्या खटल्यात सजा लागली, कारण प्रेत होतं. ती माऊली मेली म्हणून फिर्याद उभी राहिली. ज्या जगल्या, ज्या ट्रॉलीत बसून दुसऱ्या दिवशी घरी गेल्या, त्यांची फिर्याद कुणी दिली? त्या सगळ्यांचा पुरावा म्हणून कागदाखेरीज काय आहे?”

या ठिकाणी मला वाटले की वकीलसाहेबांनी डाव जिंकला. पण भाची कोर्टात तीन वर्षे काढून आलेली होती.

“ठीक. कागद साक्षीदार आहे असं मानू,” ती म्हणाली. “मग साक्षीदाराकडून तुम्ही खोटं वदवून घेता, त्याचं काय? ही पहिली प्रतिज्ञा पाहा. ‘मला गर्भाचे लिंग जाणून घ्यावयाचे नाही.’ माझ्यासमोर बसलेली बावीस वर्षांची पोर, दोन मुली झालेली, सासू बाहेर बाकावर बसलेली, नवरा मोबाइल हातात घेऊन दारात उभा. तिला दुसरं काही जाणून घ्यायचंच नाही. आणि मी शाईचं पॅड पुढे करून तिचा अंगठा घेते. सरकारचा हुकूम म्हणून. अशा खोट्या प्रतिज्ञा माझ्या केंद्रात रोज होतात आणि त्यांची मी साक्षीदार असते. तिच्या मुली मोजायला मला लावतात; तुला मुलगे किती, मुली किती, हा प्रश्न मी पांढरा कोट घालून विचारते, तेव्हा तिला वाटतं ही बाईसुद्धा तेच विचारतेय जे घरी विचारतात. कायद्याचं हे एक कलम मी रोज तिच्या कानात ओतते, आणि ते तिला सासूच्या आवाजात ऐकू जातं.”

वकीलसाहेबांजवळ याला उत्तर नव्हते, आणि त्यांनी ते देण्याचा आवही आणला नाही. निरुत्तर होण्याची ही रीत आजकाल दुर्मिळ झाली आहे. त्यांनी विषय थोडा बाजूला नेला.

“कागद नको असेल तर यंत्राला साक्षीदार कर. लक्ष्मीकांत देशमुख कोल्हापूरला जिल्हाधिकारी होते तेव्हा त्यांनी ते केलं होतं. सोनोग्राफीच्या मशीनला एक नोंदणारं उपकरण जोडायचं, ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’. आणि एफ फॉर्म ऑनलाइन भरायचा. तुमच्या क्ष-किरणतज्ज्ञांची संघटना उच्च न्यायालयात गेली. जालन्याच्याच शाखेचं नाव अर्जावर होतं. २०११ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयानं तो अर्ज फेटाळला.”

“देशमुखांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. त्यांनी या विषयावर कथाही लिहिल्यात. पण त्या उपकरणात काय साठतं मामा? बाईच्या गर्भाशयाची चित्रं. तिला न विचारता. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो हक्क काय फक्त आधार कार्डापुरता? एखाद्या बाईनं पुढे कायदेशीर गर्भपात केला, तर ते चित्र कुणाच्या हाती जाईल? आता हीच भीती बघा. परळीनंतर औषधांच्या दुकानांवर धाडी सुरू झाल्या आणि दुकानदारांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच सोडून दिलं. चौथ्या-पाचव्या महिन्यात आलेल्या बाईला डॉक्टर हात लावायला तयार होईनात. १९७१ चा कायदा तिला हक्क देतो, २०२१ च्या दुरुस्तीनं काही बायांना चोवीस आठवड्यांपर्यंत मुदत दिली, पण दाराशी आलेल्या प्रत्येकीकडे आम्ही संशयितासारखं पाहायला लागलो. दार बंद झालं की बाई घरी जाते असं तुम्हाला वाटतं? ती मागच्या दारानं जाते. २०२२ च्या जूनमध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या बीड तालुक्यात तीन मुलींची आई बेकायदा गर्भपातात गेली. तिथे ना नोंदलेलं केंद्र, ना एफ फॉर्म, ना तुमचा पाचवा माणूस. पिशवीत मावणारं मशीन तिथे पुरतं.”

“मग करायचं काय? सगळं मोकळं सोडायचं?”

“उलट करा. २०१६ साली केंद्रातल्या मंत्रिणीबाईंनी, मेनका गांधींनी, बोलून दाखवलं होतं. प्रत्येकीचं लिंगनिदान करा, सरकारदरबारी नोंदवा, आणि मुलगी आहे असं नोंदलेल्या प्रत्येक गर्भावर बाळंतपणापर्यंत लक्ष ठेवा. म्हणजे मला चोर ठरवायची गरज उरत नाही.”

वकीलसाहेब बोट उगारून दारातून दिसणाऱ्या रस्त्याकडे दाखवीत म्हणाले, “त्यांच्यावर लक्ष ठेवणार? ती बघ ट्रॉली चालली. त्यात कोण गरोदर आहे ते मुकादमालाही माहीत नाही. उद्या ती निपाणीच्या बाजूला असेल, महिन्यानं दुसऱ्या फडात. आशाताईच्या वहीत तिचं नाव इथे, पोट तिथे. एक मूल जन्माला येईपर्यंत तीन तालुके आणि दोन राज्यं ओलांडणाऱ्या बाईवर तू तहसील कचेरीतून पाळत ठेवणार? आणि समज ठेवलीस. मुलगी आहे हे घरात कळलेलं, आणि गर्भ गेला. आपोआप गेला की घालवला, हे ठरवायला पोलीस कुणाच्या झोपडीत जातील? डॉक्टरच्या नव्हे, तिच्या. आज आरोपीच्या पिंजऱ्यात तू उभी आहेस. तुझी सूचना मान्य केली तर तिथे ती उभी राहील. हे तुला चालेल?”

भाचीने मान हलविली. चालणार नव्हते. तिने तो मुद्दा तत्काळ सोडून दिला, आणि मला त्याचे कौतुक वाटले, कारण माझ्या पाहण्यात वादात हरलेला मुद्दा सोडणारी माणसे फार थोडी, आणि डॉक्टरांत व वकिलांत त्याहून थोडी.

“तरी एक सांगते,” ती म्हणाली, “हे सगळं भांडण लवकरच शिळं होणार आहे. गरोदर बाईच्या रक्तात गर्भाचा डीएनए फिरत असतो हे हाँगकाँगच्या डेनिस लो यांनी १९९७ साली दाखवलं. आता दहाव्या आठवड्यात दंडातून थोडं रक्त काढलं की गर्भाच्या गुणसूत्रांची चाचणी होते. ती आहे डाउन सिंड्रोमसारखे दोष शोधायला, पण त्यात लिंगही कळतं. मशीन नको, अंधारी खोली नको, तिथे मी पण नको. काचेची एक कुपी. तिला सील कसं ठोकणार?”

“कायद्याच्या व्याख्येत रक्ताची चाचणी पहिल्यापासून आहे,” वकीलसाहेब म्हणाले.

“व्याख्येत आहे हो. पण मशीन एका जागी असतं, त्याला नोंदणी असते, भिंत असते. कुपीला भिंत नसते.”

एव्हाना चहा दोनदा झाला होता. दोघांपैकी कोणाचे खरे हे मला सांगता येईना, आणि मला कोणी विचारलेही नव्हते. मी सहज हात लांबवून तो गठ्ठा ओढला आणि शिक्षकाच्या जुन्या खोडीप्रमाणे उत्तरपत्रिका चाळाव्यात तसा चाळू लागलो. नावांवर भाचीने अगोदरच पांढऱ्या कागदाची पट्टी लावून ठेवली होती. मजकूर तेवढा दिसत होता. वय चोवीस, मुली दोन, मुलगा नाही, गर्भ सोळा आठवडे. वय एकवीस, पहिलटकरीण, नऊ आठवडे. वय सव्वीस, मुली तीन, मुलगा नाही, सतरा आठवडे, पत्ता साठ किलोमीटरवरच्या दुसऱ्या तालुक्यातला. वय तेवीस, मुलगा एक. वय पंचवीस, मुली दोन, पंधरा आठवडे, ‘कोणी पाठविले’ या रकान्यात ‘स्वतः’. मी मास्तर माणूस; वीस-पंचवीस उत्तरपत्रिका वाचल्यावर कोणी कोणाची नक्कल केली आहे ते मला आपसूक कळू लागते. तसे काहीसे मला तेथे कळू लागले.

“हे तू पाहिलंस का?” मी विचारले. “दोन-तीन मुलींची आई, आपल्या गावापासून लांब, नेमकी चौदा ते अठरा आठवड्यांच्या मध्ये, कोणी न पाठवता आपणहून आलेली. अशा मी आत्ता सात मोजल्या.”

“पाहिलंय सर,” ती शांतपणे म्हणाली. “अशी आली की मी पुन्हा एकदा बजावून सांगते की लिंग सांगत नाही, आणि ती निराश होऊन जाते. ती पुढे कुठे जाते ते मला माहीत नाही. पण महिनाभराचे सगळ्या केंद्रांचे कागद एकत्र ठेवले, तर ते माहीत होऊ शकतं. तीच बाई तीन दिवसांत तीन केंद्रांत दिसेल. एखाद्या केंद्रात अशाच बाया जास्त दिसतील. अशांच्या बाळंतपणाची नोंद पुढे कुठेच दिसणार नाही. हे सगळं या कागदात आहे. एकही रकाना रिकामा नाही तरीही आहे.”

“मग तपासणी पथक हे पाहत नाही?”

“माझ्याकडे पथक आतापर्यंत पाच वेळा आलं. पाचही वेळा त्यांनी रिकामे रकाने शोधले. भरलेले रकाने एकदाही कुणी वाचले नाहीत.”

वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला. मग ते बराच वेळ बोलले, आणि जे बोलले ते आपल्या स्वभावाप्रमाणे कायद्याच्या बाजूनेच बोलले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेचा अर्ज फेटाळताना एफ फॉर्मातली त्रुटी ही केवळ कारकुनी चूक नव्हे असे का म्हटले, ते त्यांनी भाचीला समजावून सांगितले. तपासणीचे कारण कायद्याने मान्य केलेले आहे की नाही हे फॉर्मावरूनच ठरते, म्हणून तो भरणे ही तपासणीची पूर्वअट आहे. पूर्वअट मोडली तर पुढचे सर्व कृत्य निराधार होते. न्यायालयाचा हा युक्तिवाद मला तेव्हाही बिनतोड वाटला आणि आजही वाटतो. परंतु ज्या कागदाला न्यायालयाने एवढी मातबरी दिली, त्याला साक्षीदार म्हणून बोलावून त्याची जबानी घ्यावयाची नाही, त्याच्या अंगावरच्या कपड्याची बटणे तेवढी मोजावयाची, आणि एक बटण नसेल तर मशीन जप्त करावयाचे, हा न्यायालयाच्या युक्तिवादाचा नव्हे, आपल्या कारभाराचा दोष आहे. भाचीला छळणारा कायदा आणि लबाडाला मोकळा सोडणारा कायदा हे दोन वेगळे कायदे नव्हेत. तो एकच न वाचलेला कागद आहे. वकीलसाहेबांना मी तसे म्हणून दाखविले. त्यांनी ते मान्य केले असे मी म्हणत नाही. “मास्तर, तुम्ही वाचाल हो, तुम्हाला पेन्शन आहे,” एवढेच ते म्हणाले.

भाची मात्र काही बोलली नाही. तिने गठ्ठा पुन्हा आपल्याकडे घेतला, मी उलटे-सुलटे केलेले कागद क्रमाने लावले, आणि ढाळजेतल्या दिव्याखाली सतरंजीवर बसून उरलेले फॉर्म तपासू लागली. एका ठिकाणी तिचा हात थांबला. एका फॉर्मावर मोबाइल क्रमांकाचा रकाना रिकामा होता. त्या बाईजवळ मोबाइल नव्हता. नवऱ्याचा होता, पण तो क्रमांक द्यावयास तिने नकार दिला होता. का, ते भाचीने विचारले नव्हते. बराच वेळ विचार करून तिने तेथे ‘नाही’ असे लिहिले आणि खाली सही केली. बाहेर आणखी एक ट्रॉली गेली. तिच्या मागच्या लाल दिव्याचा उजेड क्षणभर दारात पडला.

महिन्याच्या पाच तारखेला तिचा अहवाल गेला. सहा तारखेला तिला त्याची पोच मिळाली. एकूण प्राप्त फॉर्म दोनशे सतरा, त्रुटी निरंक, असे तीत नमूद होते.